‘कोण कोणास म्हणाले?’ : अवतरणाची नैतिकता आणि डिकन्सची एक दीर्घकथा

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गुलमंडीवरून औरंगपुऱ्याकडे निघाले की पाठ्यपुस्तकांची आणि मार्गदर्शिकांची दुकाने लागतात. इंग्रजी साहित्य घेऊन पदवी वा पदव्युत्तर परीक्षेस बसणारा मराठवाड्यातील विद्यार्थी अभिजात कृतीकडे बहुधा याच वाटेने येतो. मूळ संहिता त्याला नंतर भेटते, कधी भेटतही नाही. मार्गदर्शिकेची रचना ठरलेली असते : कथानकाचा सारांश, पात्रपरिचय, प्रमुख आशयसूत्रे, आणि शेवटी त्या आशयसूत्रांखाली वाटून दिलेली महत्त्वाची अवतरणे. अशा पुस्तकांची टिंगल करणे सोपे आहे, आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांच्याच आधाराने परीक्षा दिलेल्या असतात. प्रस्तुत लेखाचा हेतू तो नाही. एखादे वाक्य कृतीतून उचलून त्यावर आशयसूत्राची चिठ्ठी डकवली जाते तेव्हा त्या वाक्याच्या जबाबदारीचे काय होते, असा प्रश्न येथे विचारावयाचा आहे. हा प्रश्न अध्यापनशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

तो विचारण्यासाठी चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही दीर्घकथा (१९ डिसेंबर १८४३) निवडण्याचे कारण केवळ तिची लोकप्रियता नव्हे. या कथेतच एका माणसाचे वाक्य त्याच्या तोंडून काढून घेतले जाते, जपून ठेवले जाते आणि योग्य वेळी त्याला परत केले जाते. अवतरण देणे ही या कथेतील मध्यवर्ती नैतिक कृती आहे. जिचा कणाच अवतरणाचा आहे अशी कृती अवतरणांच्या यादीतून शिकविली जाते, यातील विरोधाभास सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडे प्राथमिक शाळेत ‘कोण कोणास म्हणाले?’ असा प्रश्न विचारला जातो. पुढे त्याचे ‘ससंदर्भ स्पष्टीकरण’ होते. त्याहून वरच्या वर्गात अमुक आशयसूत्राची साधार चर्चा करावयास सांगतात, आणि तेथे बोलणारा व ऐकणारा दोघेही गळून पडतात. वाक्य तेवढे उरते, तेही लेखकाच्या नावावर. शिक्षणाची पायरी चढावी तसतसा प्रश्न सोपा होत जातो असे म्हणावे लागते. कोण बोलले, कोणापाशी बोलले, आणि ऐकणाऱ्याची त्या वेळी काय स्थिती होती, हे सांगता येणे ही वाक्याच्या नैतिक आकलनाची पहिली अट आहे. प्राथमिक शाळेतल्या प्रश्नात ती अट शाबूत आहे.

मराठी परंपरेला ही अट अपरिचित नव्हती. किंबहुना मराठी गद्याच्या उगमापाशीच ती उभी आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने स्वामींच्या लीळा गोळा केल्या, आणि त्या ‘लीळाचरित्रा’तून केसोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. ‘सूत्रपाठ’ म्हणजे एका अर्थी महत्त्वाच्या अवतरणांचा संग्रहच. तोही प्रकरणांत विभागलेला. परंतु महानुभाव पंथ तेथे थांबला नाही. कोणते वचन कोणत्या स्थळी, कोणाला उद्देशून, कोणत्या निमित्ताने निघाले ते सांगणारे ‘प्रकरणवश’ पुढे तयार झाले. सूत्र लीळेतून सोडविले, आणि मग लीळेकडे परत नेण्याची वाटही बांधली. असे का करावे लागले? सूत्र आचरावयाचे होते म्हणून. आज्ञा पाळावयाची असेल तर ती कोणत्या अधिकाऱ्याला केली होती हे कळल्यावाचून पाळता येत नाही. एका शिष्याला त्याच्या विशिष्ट आसक्तीमुळे सांगितलेले वचन सर्वांना सरसकट लागू केले तर धर्माचा अनर्थ होतो. ज्यांना वचनाप्रमाणे जगावयाचे होते त्यांना संदर्भ हवा होता. ज्यांना वचन केवळ उत्तरपत्रिकेत उतरवावयाचे असते त्यांना तो नको असतो.

मीमांसकांची शिस्त याला पूरक आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही गमके त्यांनी सांगितली, आणि टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या (१९१५) आरंभी त्यांचाच आधार घेतला. पूर्वपक्ष हाच सिद्धांत म्हणून उद्धृत करणे हा शास्त्रचर्चेत मोठा दोष मानला जाई. कादंबरीच्या बाबतीत हा दोष सहज घडतो, कारण कादंबरीत पूर्वपक्ष करणारा माणूस कोट घालून, हिशेबाची वही पुढ्यात घेऊन बसलेला असतो, आणि त्याचे बोलणे लेखकाच्या बोलण्यापेक्षा बहुधा अधिक चटकदार असते. बाख्तीनने कादंबरीतील शब्दाचा विचार करताना डिकन्सचेच उतारे निवडले हे येथे आठवावे. एका वाक्यात दोन आवाज कसे नांदतात आणि लेखक परक्याचा शब्द आपल्या वाक्यात वाकवून कसा आणतो, याचे इतके उघड उदाहरण त्याला दुसरीकडे मिळाले नसावे.

आता कथेकडे वळू. डिकन्सने प्रकरणांना कॅरल-गीताच्या कडव्यांची संज्ञा दिली आहे. पहिल्या कडव्यात ख्रिसमसच्या आदल्या दिवशी दोन सद्गृहस्थ एबेनेझर स्क्रूजच्या पेढीवर गरिबांसाठी वर्गणी मागावयास येतात. तुरुंग बंद पडले काय, वर्कहाउस चालू नाहीत काय, अशी स्क्रूज उलट विचारणा करतो. तेथे जाण्यापेक्षा पुष्कळजण मरण पत्करतील, असे पाहुणे सांगतात. त्यावर त्यांनी खुशाल मरावे आणि वाढावा लोकसंख्या तेवढी कमी करावी, अशा अर्थाचे त्याचे कुप्रसिद्ध वाक्य येते. मार्गदर्शिकेतील अवतरण येथे संपते. शेजारी ‘दारिद्र्य’ किंवा ‘भांडवलशाहीची निर्दयता’ अशी चिठ्ठी असते.

संहितेत मात्र स्क्रूज येथे थांबत नाही. तो लगेच पुस्ती जोडतो की, शिवाय तुम्ही म्हणता ते मला ठाऊक नाही. ते ठाऊक करून घेता येईल, असे एक पाहुणा सुचवतो. त्यावर, तो माझा धंदा नव्हे, माणसाने आपला धंदा समजून घ्यावा एवढे पुरे, असे म्हणून स्क्रूज त्यांची बोळवण करतो. ही पुस्ती गाळली की स्क्रूज राक्षस होतो आणि वाचक निर्धास्त होतो, कारण राक्षसाशी आपले काही नाते नसते. ती ठेवली की चित्र पालटते. मरणाऱ्यांविषयी काही ठाऊक नसताना, आणि ठाऊक नाही हे ठाऊक असताना, त्याने मरणाचा निवाडा दिला आहे. त्याचा अपराध द्वेषाचा नाही. जाणून न घेण्याची सोय त्याने करून ठेवली आहे, हा आहे. असा अपराध करण्यासाठी पेढी लागत नाही. त्याच रात्री मृत भागीदार मार्लेचे भूत येते आणि स्क्रूजने दुपारी वापरलेला ‘धंदा’ हाच शब्द उचलून मानवजात हा आपला धंदा होता असे विव्हळून सांगते. मार्ले त्या दुपारी पेढीवर नव्हता. तरी शब्द परत आला. परत येणाऱ्या शब्दांच्या मालिकेतील हा पहिला.

पण ते वाक्य मुळात स्क्रूजचे तरी आहे काय? ‘वाढावा लोकसंख्या’ ही पेढीवरची भाषा नव्हे. ती अर्थशास्त्राची परिभाषा आहे. स्क्रूजही अवतरणच देत आहे, फक्त अवतरणचिन्हांशिवाय. माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध १७९८चा. त्याच्या १८०३च्या वाढवलेल्या आवृत्तीत निसर्गाच्या मेजवानीचे एक रूपक होते : ज्याच्या श्रमाची समाजाला गरज नाही अशा माणसासाठी त्या मेजवानीत पान वाढलेले नाही, आणि निसर्ग त्याला निघून जावयास सांगतो. पुढच्या आवृत्त्यांतून माल्थसने हा परिच्छेद वगळला. टीकाकारांनी मात्र तो कधीच वगळला नाही. माल्थसचे नाव निघाले की तीच मेजवानी पुढे येते. डिकन्सच्या कथेत क्रॅचिट कुटुंबाच्या जेवणाच्या प्रसंगानंतर भूत चुलीशेजारच्या रिकाम्या आसनाची गोष्ट काढते, तेव्हा त्या वगळलेल्या मेजवानीचे सावट तेथे पडलेले असावे असा माझा तर्क आहे. सिद्ध करता येण्यासारखा तो नाही. पण रिकामे पान आणि रिकामे आसन या दोन प्रतिमा एकमेकींसमोर ठेवल्या की डिकन्सचा रोख माल्थसच्या प्रमेयावर नसून त्या प्रमेयातील वाढप्याच्या आविर्भावावर होता हे दिसून येते.

हे वाक्य लंडनपुरते राहिले नाही, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८०५पासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत माल्थस ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होता. हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी हेलीबरीच्या त्याच महाविद्यालयात घडत. म्हणजे स्क्रूजच्या तोंडची परिभाषा दख्खनमध्ये कचेरीच्या दाराने आली. माल्थस गेला त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नवा गरीब-कायदा झाला. मदत इतकी कष्टप्रद असावी की अगदी नाइलाज झाल्यावाचून कोणी ती मागू नये, हे त्याचे तत्त्व. १८७६-७८च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल याने तेच तत्त्व दुष्काळी कामांना लावले. काम गावापासून दूर असावे, आणि अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य व वर नाममात्र पैसे मिळावेत, असे ठरले. मुंबई इलाख्यात कामावरील मजुरांनी ती मजुरी नाकारली आणि शेकडोंनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदने धाडली. गुलमंडी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. टेंपलचा हुकूम तेथपर्यंत पोचत नव्हता. दुष्काळ मात्र संस्थानाची सीमा पाहून थांबणारा नव्हता.

टेंपलचे प्रकरण येथे मुद्दाम आणले आहे, कारण ते स्क्रूजच्या नेमके उलटे आहे. १८७४च्या बिहारच्या दुष्काळात याच माणसाने ब्रह्मदेशातून प्रचंड प्रमाणावर तांदूळ आणवला होता, आणि उपासमारीचे मृत्यू फारच थोडे झाले होते. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाही. उधळपट्टीचा ठपका आला. तीन वर्षांनी तो सुधारून दख्खनमध्ये आला. माणूस बदलतो, एवढ्यावरून तो चांगल्याकडे बदलतो असे ठरत नाही. टेंपलला एखादे भूत भेटले असेल तर ते हिशेबतपासनिसाचे असावे.

डिकन्सचे भूत वेगळ्या प्रकारे काम करते. तिसऱ्या कडव्यात वर्तमानाचे भूत स्क्रूजला त्याच्याच कारकुनाच्या, बॉब क्रॅचिटच्या, घरी नेते. कुबडी घेतलेला लहानगा टिम पाहून स्क्रूज प्रथमच कोणाविषयी विचारतो : हा जगेल काय? काळाने ही छाया पालटली नाही तर हे मूल मरेल, असे उत्तर येते. स्क्रूज नको नको म्हणतो. आणि तेव्हा भूत शांतपणे स्क्रूजचेच वाक्य उच्चारते : मरणार असेल तर मरू दे, वाढावा लोकसंख्या कमी होईल. स्क्रूजची मान खाली जाते.

या प्रसंगात युक्तिवाद नाही. भूत माल्थसला उत्तर देत नाही, आकडे मांडत नाही. ते फक्त वाक्याचा ऐकणारा बदलते. पेढीवर ते वाक्य दोन सुस्थित गृहस्थांपुढे उच्चारले गेले होते. ज्यांच्याविषयी होते ते तेथे नव्हते. आता ते वाक्य टिमच्या कुबडीसमोर उच्चारले जाते. शब्द तेच. ‘कोण कोणास म्हणाले?’ या प्रश्नाचे उत्तर तेवढे बदलले, आणि त्यासरशी वाक्य असह्य झाले. पुढे भूत बजावते की, हा वाढावा म्हणजे काय आणि तो कोठे आहे हे शोधून काढीपर्यंत असले बोलणे बंद ठेव. पहिल्या कडव्यात पाहुण्याने सौम्यपणे सुचवलेली गोष्ट, ठाऊक करून घेण्याची, येथे आज्ञा होऊन येते. मार्गदर्शिकेने गाळलेली पुस्ती वाचलेली नसेल तर या आज्ञेचे प्रयोजनच कळत नाही. ती नुसता दरडावणीचा सूर वाटते.

येथवर बहुतेक टीकाकार येतात. परंतु वाक्य आणखी एकदा परत येते, आणि माझ्या मते अवघड नैतिक प्रश्न तेथे सुरू होतो. त्याच कडव्याच्या अखेरीस भुताच्या झग्याखालून दोन मुले निघतात : पिवळी, फाटकी, लांडग्यासारखी. मुलगा अज्ञान, मुलगी ददात. यांना कोठे आसरा नाही काय, असे स्क्रूज विचारतो, आणि भूत शेवटच्या वेळी त्याचे शब्द त्याच्यावर उलटवते : तुरुंग नाहीत काय, वर्कहाउस नाहीत काय? घड्याळात बाराचे ठोके पडतात, आणि भूत नाहीसे होते.

या दोन परतींत फरक आहे. टिमला नाव आहे, घर आहे, बापाच्या खांद्यावरची जागा आहे. तो गोड आहे. कोणालाही त्याची करुणा येईल. झग्याखालची मुले गोड नाहीत. ती भीतिदायक आहेत, आणि त्यांच्यापासून सावध राहण्यास भूत सांगते. मुलगीपेक्षा मुलापासून अधिक. टिमपुढे स्क्रूजला जे जमले, म्हणजे आपल्या वाक्याची लाज वाटणे, ते ज्याला चेहरा नाही, नाव नाही, किंबहुना ज्याच्याकडे पाहवत नाही अशापुढे जमावयास हवे काय? की करुणेला नेहमी एक टिम लागतो? डिकन्सने १८४३च्या आरंभी बालमजुरीच्या चौकशी आयोगाचा अहवाल वाचला होता आणि गरिबाच्या मुलाच्या वतीने एक पत्रक काढण्याचा त्याचा विचार होता. पत्रकाऐवजी वर्षअखेरीस ही कथा आली. अहवालातील मुले झग्याखाली राहिली आणि टिम पुढे आला, असेही याचे वर्णन करता येईल. कथा वाचकांना आवडली ती टिममुळे. पण टिमला वाचवून त्या दोघांचे काय झाले हे पाचव्या कडव्यात सांगितलेले नाही. अवतरणांच्या यादीत दोन्ही प्रसंग ‘दारिद्र्य’ या एकाच मथळ्याखाली पडतात आणि हा सगळा ताण नाहीसा होतो.

आता दुसरी बाजू. वाक्य त्याच्या धन्याला परत करणे न्याय्य आहे, हे खरे. पण किती दिवस? स्क्रूज बदलला. नाताळच्या सकाळी त्याने ते वाक्य मनोमन मागे घेतले. इंग्रजी भाषेने मात्र ते मागे घेऊ दिले नाही. ‘स्क्रूज’ हे इंग्रजीत कंजुषाचे सामान्यनाम झाले. एका रात्रीत उदार झालेल्या माणसाचे नाव कोशात पहिल्या कडव्यावर अडकून पडले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून बोलणारे बदक ज्यांनी पाहिले, त्यांना हे नाव डिकन्सच्या आधीच भेटले असेल, तेही नाण्यांच्या ढिगाऱ्यात पोहताना. भाषेला माणसाचा पूर्वपक्ष तेवढा लक्षात राहिला.

मराठीची वृत्ती येथे वेगळी दिसते. आपण वाल्या म्हणून कोणाला हिणवत नाही असे नाही, पण रूढ झालेला वाक्प्रचार वाल्याचा वाल्मीकी होण्याचा आहे. त्यात आरंभ आणि अंत दोन्ही टिकून आहेत. ही मराठीची उदारता म्हणून मिरवण्याचे मात्र कारण नाही. लोककथेतला वाल्या प्रत्येक हत्येगणिक एक खडा रांजणात टाकी, आणि असे सात रांजण भरले होते असे सांगतात. तपाने वाल्या मुक्त झाला. रांजणांचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. वाक्प्रचाराला उपक्रम आहे, उपसंहार आहे. ज्यांचे खडे झाले ते मधल्या मध्ये राहून गेले. इंग्रजी सामान्यनाम बदललेल्या माणसावर अन्याय करते, मराठी वाक्प्रचार त्याने दुखावलेल्यांवर. यांतले कमी वाईट कोणते हे ठरवणे सोपे नाही. पण पश्चात्तापाची गोष्ट वाचताना रांजण कोठे आहेत असे विचारण्याची सवय अभ्यासकाला असावयास हवी.

‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये रांजण आहेत. चौथ्या कडव्यात स्क्रूजला एका माणसाच्या मृत्यूची दृश्ये दिसतात. तो माणूस आपणच आहोत हे त्याने अजून मान्य केलेले नाही. या मृत्यूने ज्याच्या मनात काही भावना उत्पन्न झाली असेल असा एक तरी माणूस दाखव, अशी तो भुताला विनवणी करतो. भूत त्याला एका घरात नेते. कॅरोलाइन नावाची बाई नवऱ्याची वाट पाहत येरझारा घालते आहे. नवरा आठवडाभराची मुदत मागावयास सावकाराकडे गेला होता. तो येतो, आणि अजून आशा आहे म्हणतो : सावकार मेला. बाईला प्रथम बरे वाटते, आणि लगेच वाटल्याबद्दल ती देवाची क्षमा मागते. आपले कर्ज आता कोणाकडे जाईल, असा तिचा पुढचा प्रश्न आहे. ठाऊक नाही, पण तोवर पैसे जमतील, आणि न जमले तरी दुसरा सावकार इतका निर्दय निघणे म्हणजे फारच दुर्दैव, असे नवरा सांगतो. त्या रात्री त्या घराला हलक्या मनाने झोप लागते. भुताला दाखवता आलेली एकमेव भावना ही, म्हणजे सुटकेची.

हा प्रसंग महत्त्वाच्या अवतरणांत येत नाही. त्याचे कारण उघड आहे : त्यात उचलून घेण्याजोगे वाक्य नाही. कॅरोलाइनचा प्रश्न व्यवहारातला आहे, कोणत्याही आशयसूत्राखाली तो शोभत नाही. गुलमंडीसारख्या पेठेत मात्र तो सर्वांत आधी कळावा. नाताळचा हंस आणि पुडिंग तेथे परके. पण पेढी, उधारीची वही, आठवड्याची मुदत आणि सावकार मेला तरी वही मरत नाही हे ज्ञान परके नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर क्वचितच होता. त्यांना रोखे आणि खतपत्रे हवी होती, जाळण्यासाठी. कर्ज माणसात नसून कागदात असते हे त्यांना कॅरोलाइनइतकेच पक्के ठाऊक होते. सरकारने आयोग नेमला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. डिकन्सलाही ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नव्हती : १८२४ साली त्याचा बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात पडला होता, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होता. तुरुंग बंद पडले काय, या स्क्रूजच्या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या घरातच होते.

आणि तरीही पाचव्या कडव्यात कॅरोलाइनचे घर नाही. बदललेला स्क्रूज क्रॅचिटकडे मोठी टर्की पाठवतो, त्याचा पगार वाढवतो, पुतण्याच्या घरी जेवावयास जातो, टिमला दुसरा बाप होतो. या सर्व देणग्या आहेत, आणि देणगी देणाऱ्याचा आनंद डिकन्सने इतका मनःपूर्वक रंगवला आहे की वाचकाला दुसरे काही आठवू नये. पेढीवरच्या वह्यांचे काय झाले? ज्या रोख्यांवर कॅरोलाइनच्या नवऱ्याची सही होती त्यांचे काय? निवेदक बोलत नाही. हे दृश्य भविष्यातले होते, ते घडलेच नाही, असा बचाव करता येईल. पण कर्ज भविष्यातले नव्हते. ते त्या सकाळीही वहीत होतेच, आणि स्क्रूज जिवंत राहिला म्हणजे त्या घराची सुटकाही झाली नाही. दानाने ऋण फिटत नाही, ते वेगळे मिटवावे लागते, हा भेद आपल्या धर्मशास्त्राने तरी सांभाळलेला आहे. डिकन्सने तो सांभाळला नाही असे म्हणण्याच्या बेतात आपण असतो, तोच एक लहानसा प्रसंग आडवा येतो.

नाताळच्या सकाळी रस्त्यात स्क्रूजला आदल्या दिवशीच्या दोघांपैकी एक सद्गृहस्थ भेटतो. स्क्रूज त्याची क्षमा मागतो आणि त्याच्या कानात वर्गणीचा आकडा सांगतो. गृहस्थ चकित होतो. यात मागची पुष्कळ थकबाकी धरली आहे, असे स्क्रूज त्याला सांगतो. थकबाकी हा दात्याचा शब्द नव्हे, देणेकऱ्याचा आहे. आयुष्यभर वहीच्या एका बाजूस बसलेला माणूस येथे दुसऱ्या बाजूस बसतो, आणि ज्याला त्याने दान म्हणून नाकारले होते त्याला देणे म्हणून कबूल करतो. ही कबुली त्याने ज्यांच्यापाशी द्यावयास हवी होती ते ऐकणारे याही वेळी समोर नाहीत. ती पुन्हा एका सुस्थित गृहस्थापाशीच दिली गेली. आणि आकडा कानात सांगितला. पेढीवरचे वाक्य खणखणीत होते, ते सर्वांना ऐकू गेले, भुताने दोनदा उच्चारले, शंभराहून अधिक वर्षे परीक्षार्थींनी पाठ केले. हा आकडा मात्र निवेदकाने आपल्याला सांगितलेला नाही, आणि कॅरोलाइनचा नवरा त्यात धरला होता किंवा कसे, हे संहितेवरून कळण्यास मार्ग नाही.